शुभेच्छा नववर्षाच्या, चिंता एकतीस डिसेंबरची

वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेलाच उजाडले. वहीपूजन झाले, भेटीगाठी आटोपल्या. त्यामुळे इंग्रजी वर्षाचा आरंभ बहुतेक घरांत भिंतीवरचे कॅलेंडर बदलण्यापुरताच उरतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या लेकी-सुनांच्या घरी मात्र डिसेंबरचा उत्तरार्ध हा शुभेच्छापत्रांचा काळ असतो. शाळा, बँक, विमा कंपनी, शेजारीपाजारी, सगळ्यांची पत्रे येतात. त्यातून घरात कोणी फिजिओथेरपिस्ट असेल, आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांतून पदवी घेऊन तिकडे गेलेल्यांमध्ये असे पुष्कळजण आहेत, तर आणखी एक पत्र हमखास येते. ते असते ‘अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशन’ या संघटनेचे किंवा तिच्या राज्यशाखेचे.

वरवर पाहता अशा पत्रांत नवल ते काय असणार? सभासदांचे आभार, सरत्या वर्षाचा आढावा, कुटुंबासमवेत चार दिवस विश्रांती घेण्याचा सल्ला, वर्गणी वेळेवर भरण्याची सौम्य आठवण. परंतु या संघटनेच्या वर्षअखेरच्या पत्रांना गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक निराळे वळण लागले आहे. पत्राच्या पूर्वार्धात सण असतो आणि उत्तरार्धात वॉशिंग्टन. सुट्टीच्या शुभेच्छा देता देता सभासदांना विनंती केली जाते की, आपल्या भागातील लोकप्रतिनिधीला एक पत्र लिहा, एक फोन करा. कारण एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री काहीतरी संपुष्टात येणार असते. ते ‘काहीतरी’ दर वर्षी बदलते. तारीख सहसा बदलत नाही.

शुभेच्छेच्या शब्दांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. ‘मेरी ख्रिसमस’ न म्हणता ‘हॅपी हॉलिडेज’ म्हणण्याचा प्रघात आता तेथील संस्थांमध्ये रुळला आहे, कारण सभासद अनेक धर्मांचे. ज्यूंचा हानुक्का आणि कृष्णवर्णीयांचा क्वान्झा हे याच दिवसांत येतात. आपली दिवाळी त्या यादीत बसत नाही, ती महिना-दीड महिना आधीच होऊन गेलेली असते. तथापि कॅलिफोर्निया राज्याने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये दिवाळीला राज्याच्या सुट्ट्यांमध्ये स्थान देणारा कायदा केला आणि तो अमलात येतो तो नेमका १ जानेवारी २०२६ पासून. तेथील मराठी व गुजराती कुटुंबांना यंदाच्या नववर्षाची ही भेटच म्हणायची.

तीस जणींची संघटना

या संघटनेचा जन्मही नववर्षाच्या पहिल्या पंधरवड्यातलाच. पहिल्या महायुद्धात अमेरिका १९१७ मध्ये उतरली आणि काही महिन्यांतच हातपाय गमावलेले, सांधे आखडलेले, मज्जातंतूंना इजा झालेले सैनिक रुग्णालयांत येऊ लागले. शल्यवैद्य जखम शिवू शकत होते. परंतु शिवलेल्या पायावर माणसाला पुन्हा उभे कोणी करायचे, हा प्रश्न होता. त्यासाठी लष्कराच्या वैद्यकीय विभागाने तरुण स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘रिकन्स्ट्रक्शन एड’ म्हणून नेमले. पुनर्बांधणी-साहाय्यिका असा त्याचा अर्थ करता येईल. मर्दन, व्यायाम, जलोपचार यांच्या साहाय्याने त्या जवानांना चालते करीत. त्यांना गणवेश होता, पण लष्करी हुद्दा नव्हता. काम रणांगणावरच्या जखमांचे आणि दर्जा नागरी नोकराचा.

या स्त्रियांची अग्रणी होती मेरी मॅकमिलन. तिचा जन्म १८८० साली मॅसॅच्युसेट्समधला. आई लवकर गेल्यामुळे ती इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला नातलगांकडे वाढली. तेथेच तिने उपचारात्मक व्यायामाचे शिक्षण घेतले आणि सर रॉबर्ट जोन्स या नामांकित अस्थिशल्यज्ञाबरोबर काम केले. युद्धकाळात अमेरिकेत परतल्यावर तिने ऑरेगॉन राज्यातील रीड कॉलेजात शेकडा-दोनशे साहाय्यिकांना शिकवून तयार केले. युद्ध संपले, नेमणुका संपू लागल्या आणि इतक्या कष्टाने कमावलेली विद्या विखुरली जाणार असे दिसू लागले. तेव्हा १५ जानेवारी १९२१ रोजी न्यूयॉर्कमधील ‘कीन्स’ या उपाहारगृहात तीस स्त्रिया जमल्या आणि त्यांनी ‘अमेरिकन विमेन्स फिजिकल थेरप्युटिक असोसिएशन’ स्थापन केली. पहिल्या अध्यक्षपदी मॅकमिलन यांची निवड झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये संघटनेच्या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला आणि मर्दन व उपचारात्मक व्यायाम यांवरील मॅकमिलन यांचा ग्रंथही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. (ज्या उपाहारगृहात ही सभा भरली तेथे काही वर्षांपूर्वीपर्यंत स्त्रियांना प्रवेशच नव्हता. लिली लँगट्री या अभिनेत्रीने १९०५ मध्ये न्यायालयाची पायरी चढून तो मिळवला होता. तीस जणींना टेबल मिळाले त्यामागे हाही एक लढा होता.)

लवकरच पुरुषांनाही प्रवेश देण्यासाठी नावातील ‘विमेन्स’ हा शब्द गळाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर आजचे नाव रूढ झाले. आज सभासदसंख्या एक लाखाहून अधिक आहे. परंतु संस्थापक अध्यक्षेचे पुढचे आयुष्य या आकड्यापेक्षा अधिक सांगून जाते. मॅकमिलन १९३२ मध्ये चीनला गेल्या आणि पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी फिजिओथेरपी शिकवण्यास आरंभ केला. १९४१ च्या अखेरीस त्या मायदेशी परतत असताना मनिलात होत्या आणि तेवढ्यात पर्ल हार्बरवर हल्ला झाला. जपानी फौजा २ जानेवारी १९४२ रोजी मनिलात शिरल्या. साठी ओलांडलेल्या मॅकमिलन सांतो तोमास येथील नजरकैदेच्या छावणीत गेल्या, पुढे शांघायच्या छावणीत हलवल्या गेल्या. छावणीतही त्यांनी कैद्यांसाठी उपचारकेंद्र चालवले. औषधे नव्हती, यंत्रे नव्हती. दोन हात होते आणि वेळ होता. फिजिओथेरपीला यापेक्षा फारसे काही लागत नाही, हे त्या छावणीत जितके स्पष्ट दिसले तितके कोणत्याही सुसज्ज रुग्णालयात दिसणार नाही.

पोलिओची वर्षे

महायुद्धांच्या बरोबरीने या व्यवसायाला घडवले ते पोलिओने. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत उन्हाळा आला की आईबापांच्या पोटात गोळा उठे. लुळ्या पडलेल्या स्नायूंत किती बळ उरले आहे हे हाताने अजमावण्याची पद्धत फिजिओथेरपिस्टांनी याच काळात घासूनपुसून शास्त्रशुद्ध केली. साल्क यांच्या लसीची प्रचंड चाचणी १९५४ मध्ये झाली, तेव्हा आजारी पडलेल्या मुलांच्या स्नायूंची तपासणी करण्याची जबाबदारीही त्यांच्यावर होती. लस यशस्वी झाल्याची घोषणा १२ एप्रिल १९५५ रोजी झाली आणि ज्या रोगाने व्यवसायाला काम दिले तो रोगच मागे हटू लागला. आपले काम संपावे यासाठी झटणारे व्यवसाय फार थोडे असतात.

महाराष्ट्राचा धागा येथेच जुळतो. मुंबईतील पोलिओग्रस्त मुलांसाठी १९५० च्या दशकाच्या आरंभी महापालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. भारतात या शास्त्राचा रीतसर पाया घातला गेला तो तेथे. ‘इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स’ ही राष्ट्रीय संघटनाही त्याच दशकातली. भारतातील वन्य पोलिओ विषाणूच्या शेवटच्या रुग्णाची नोंद जानेवारी २०११ मध्ये झाली. आज साठीपलीकडे असलेले, एका पायात कॅलिपर घालून चालणारे पुष्कळजण त्या काळाचे साक्षीदार आहेत.

चालायचे की बोलायचे?

आता एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्रीकडे वळू. पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी अमेरिकेने १९६५ मध्ये ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्याचा कायदा केला. आजारी म्हाताऱ्या माणसाला चालते-फिरते ठेवण्याचा खर्चही त्यात धरला गेला. मात्र १९९७ मध्ये अंदाजपत्रकातील तूट भरून काढताना काँग्रेसने बाह्यरुग्ण उपचारांवर वार्षिक मर्यादा घातली. फिजिओथेरपी आणि वाचोपचार, म्हणजे बोलण्या-गिळण्याचे उपचार, या दोहोंना मिळून वर्षाला १,५०० डॉलर. व्यवसायोपचाराला स्वतंत्र १,५०० डॉलर. १ जानेवारी १९९९ पासून हा नियम लागू झाला.

आकडा वाचताना त्यातले क्रौर्य लक्षात येत नाही. एखाद्या सत्तरीच्या गृहस्थांना अर्धांगवायूचा झटका येतो. उजवा पाय उचलत नाही आणि जीभही वळत नाही. चालायला शिकण्यासाठी फिजिओथेरपी हवी, बोलायला शिकण्यासाठी वाचोपचार हवे. परंतु पैसे एकाच थैलीतून जाणार. आठवड्यातून तीन-तीन वेळा दोन्ही उपचार घेतले तर ती थैली काही आठवड्यांत रिकामी होते आणि पुढचा खर्च रुग्णाच्या खिशातून. म्हणजे कायद्याने त्या कुटुंबासमोर प्रश्न ठेवला तो असा की, आधी यांनी चालायचे की बोलायचे? ज्याचे दुखणे किरकोळ त्याला मर्यादेची झळ लागलीच नाही. ज्याचे दुखणे जितके मोठे, त्याच्यावर ती तितकी कठोरपणे कोसळली. हे उपचार दोन, मग थैली एकच का? याविषयी तेथे आजही एक गोष्ट सांगितली जाते: मसुद्यात दोन नावांच्या मधला स्वल्पविराम राहून गेला! गोष्ट खरी असो वा रचलेली, स्वल्पविरामाचे महत्त्व व्याकरणाच्या शिक्षकांना यापेक्षा परिणामकारक रीतीने समजावता येणार नाही.

नियम इतका जाचक ठरला की, काँग्रेसलाच तो सोसवेना. पण रद्द करायचा तर अंदाजपत्रकात तेवढी तूट दाखवावी लागणार. मग मधला मार्ग निघाला: नियम ठेवायचा, पण त्याला ठरावीक मुदतीची स्थगिती द्यायची. २००० पासून स्थगिती. २००३ च्या शरद ऋतूत काही महिने नियम पुन्हा जिवंत. डिसेंबरमध्ये पुन्हा स्थगिती. २००६ पासून स्थगितीऐवजी ‘अपवाद’ आले. उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहेत असे थेरपिस्टाने नोंदवले तर मर्यादेपलीकडेही पैसे मिळत. परंतु या अपवादांनाही मुदत होती, आणि ती पुनःपुन्हा एकतीस डिसेंबरच्या दारात येऊन उभी राहू लागली.

यातूनच त्या शुभेच्छापत्रांचा दुसरा अर्धा भाग जन्माला आला. नाताळच्या सजावटीत संघटनेचे पदाधिकारी खासदारांच्या कार्यालयांत खेटे घालीत आणि सभासद सणाच्या धावपळीत पत्रे लिहीत. कधी मुदतवाढ शेवटच्या आठवड्यात मिळे, कधी मिळतच नसे. २००९ च्या अखेरीस अपवादांची मुदत संपली आणि २०१० च्या मार्चपर्यंत काहीच निर्णय झाला नाही. नंतर तो पूर्वलक्षी प्रभावाने झाला खरा, पण मधल्या दोन महिन्यांत ज्या आजोबांनी खर्चाच्या धास्तीने उपचार थांबवले, त्यांच्या आखडलेल्या गुडघ्याला पूर्वलक्षी प्रभाव कसा लावणार? स्नायूंचा हिशेब सरकारी हिशेबासारखा मागे जाऊन दुरुस्त करता येत नाही. तेच पुन्हा २०१७ च्या अखेरीस घडले. अखेर ९ फेब्रुवारी २०१८ रोजी ही मर्यादा कायमची रद्द झाली. तिच्या जागी आता केवळ एक खूणगाठ आहे: २०२५ मध्ये ती २,४१० डॉलरची होती, तो आकडा ओलांडला की उपचार अजूनही गरजेचे आहेत अशी नोंद करावी लागते, उपचार थांबत नाहीत.

वीस वर्षांचा लढा जिंकला, असे संघटनेला म्हणता आले. तथापि विजयाची किंमतही त्याच कायद्यात लिहिलेली होती. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या साहाय्यकाने उपचार केले तर १ जानेवारी २०२२ पासून नेहमीच्या दराच्या ८५ टक्केच मोबदला मिळेल, असे त्यात ठरले. ज्या दूरच्या खेड्यांत साहाय्यकांवरच भिस्त आहे तेथील दवाखान्यांना ही काटछाट सर्वांत जास्त बोचली. एका दाराने आलेले दुसऱ्या दाराने गेले, इतके म्हणण्यास हरकत नसावी.

आठव्या मिनिटाचे गणित

या सर्व वादांच्या तळाशी एक साधी गोष्ट आहे. फिजिओथेरपिस्टजवळ विकण्यासारखे औषध नाही, करण्यासारखी शस्त्रक्रिया नाही; तो देतो तो वेळ. म्हणून मेडिकेअरने वेळेचेच माप केले. बहुतेक उपचारांचा घटक पंधरा मिनिटांचा. मात्र आठ मिनिटे भरली की एक घटक धरला जातो, तेवीस मिनिटांना दोन, अडतीस मिनिटांना तीन. (सामायिकाची ४८ मिनिटे या हिशेबात तीन घटकांत बसतात.) तेथील थेरपिस्ट घड्याळाकडे पाहत काम करतात अशी तक्रार भारतातून गेलेले आईवडील करतात, तेव्हा त्यामागे हे आठव्या मिनिटाचे गणित असते.

मोबदल्याचा दरही दर १ जानेवारीला नव्याने ठरतो. येथे एक विचित्र नियम आहे: एका गटाच्या वैद्यकांचे दर वाढवले तर एकूण खर्च तेवढाच राहावा म्हणून दुसऱ्यांचे कमी करायचे. २०२१ साठी कुटुंबवैद्यांच्या तपासणीचे दर वाढवण्याचे ठरले आणि फिजिओथेरपीच्या वाट्याला सुमारे ९ टक्क्यांची कपात आली. करोनाचे वर्ष, दवाखाने आधीच ओस. २७ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे नवे वर्ष पाच दिवसांवर आले असताना, काँग्रेसच्या कायद्याने त्या कपातीचा मोठा भाग टळला. १५ जानेवारी २०२१ हा संघटनेचा शंभरावा वाढदिवस होता. शतकोत्तर वाटचालीची सुरुवात अशी झाली.

हे सारे दूरदेशीचे राजकारण म्हणून सोडून देता येत नाही, कारण मुलांकडे ग्रीनकार्डावर गेलेल्या ज्येष्ठांना सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर हप्ता भरून मेडिकेअरमध्ये प्रवेश घेता येतो. सांगली-कोल्हापूरकडून किंवा पुण्याहून गेलेल्या एखाद्या आजींचा गुडघा बदलला जातो तेव्हा पुढचे तीन महिने त्यांची गाठ सर्जनशी नव्हे, फिजिओथेरपिस्टशीच पडते. आणखी एक बदल या ज्येष्ठांच्या उपयोगाचा. पूर्वी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेरपिस्टकडे जाताच येत नसे. नेब्रास्का राज्याने १९५७ मध्ये ही अट प्रथम शिथिल केली. शेवटचे राज्य मिशिगन, तेथे १ जानेवारी २०१५ ला ती गेली. आता पन्नासही राज्यांत, कमी-अधिक अटींवर, थेट जाता येते.

आपल्याकडची नोंदवही

भारतात लढा मोबदल्याचा नाही, ओळखीचा आहे. वैद्यकांसाठी परिषद होती, परिचारिकांसाठी होती, औषधविक्रेत्यांसाठीही होती. फिजिओथेरपीसाठी राष्ट्रीय पातळीवर कित्येक दशके काहीच नव्हते. महाराष्ट्र याला सुखद अपवाद. येथे व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा कायदा २००२ सालचा आहे. देशपातळीवर मात्र संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा व्हायला मार्च २०२१ उजाडावे लागले. फिजिओथेरपीची व्याख्या त्यात प्रथमच स्पष्ट झाली: किमान पदवी हवी, रुग्णाची स्वतः तपासणी करून उपचार करता येतात आणि स्वतंत्रपणे किंवा इतर वैद्यकांच्या सोबतीने व्यवसाय करता येतो.

कायदा झाला तरी वाद मिटले नाहीत. दर वर्षी ८ सप्टेंबरला जागतिक फिजिओथेरपी दिन असतो. १९५१ मध्ये त्या दिवशी कोपनहेगनला अकरा देशांच्या संघटनांनी जागतिक महासंघ स्थापला होता. २०२५ मध्ये हा दिवस साजरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी नावामागे ‘डॉक्टर’ लावू नये असे पत्र काढले; त्याच्या पुढच्या दिवशी ते मागेही घेतले. उपाधीचा हा वाद न्यायालये आणि आयोग सोडवतील. रुग्णाच्या दृष्टीने त्याहून निकडीचा प्रश्न वेगळा आहे. गल्लीबोळांत मालिशवाले, पट्टेवाले, चार आठवड्यांचा वर्ग करून यंत्र घेऊन बसलेले ‘थेरपिस्ट’ कमी नाहीत. सुजलेल्या सांध्याला जोराने दाबून किंवा अस्थिभंगानंतर अवेळी ताण देऊन होणारी हानी कोणत्याही उपाधीने भरून निघत नाही. घरी येणाऱ्या थेरपिस्टला त्याचा परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारणे हा उद्धटपणा नव्हे. नोंदणीकृत व्यक्तीला त्याचे वाईट वाटत नाही.

दुसरे, उपचारांना आरंभ करतानाच उद्दिष्ट ठरवून घ्यावे. ‘दुखणे कमी व्हावे’ हे उद्दिष्ट मोजता येत नाही. ‘आधाराशिवाय दोन जिने चढून मंदिरात जाता यावे’, ‘रात्री उठून एकटीने स्नानगृहापर्यंत जाता यावे’ ही उद्दिष्टे मोजता येतात. पुष्कळ ज्येष्ठांची खंत असते ती खाली बसून सामायिक करता येत नाही याची. थेरपिस्टला हे मोकळेपणाने सांगावे. काहींच्या बाबतीत मांडीचे व नितंबाचे स्नायू बळकट झाल्यावर पाटावर बसणे जमू शकते. कृत्रिम गुडघा बसवलेल्यांना बहुधा खुर्चीच सुचवली जाईल, आणि तीत कमीपणा मानण्याचे कारण नाही. तिसरे, घरी करायला सांगितलेले व्यायाम. सुटले तर सुटले, असे यांच्या बाबतीत चालत नाही. आठवड्यातील दोन भेटींत जे मिळवले ते उरलेल्या पाच दिवसांत टिकवायचे असते. नातवंडांपैकी एकाने वहीत रोजची खूण करण्याचे काम अंगावर घेतले तर आजोबांचा कंटाळाही जातो आणि नातवाला मोजणीची सवयही लागते.

येत्या बारा महिन्यांत

२०२६ कडे संघटना कोणत्या नजरेने पाहतात? भारतात २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने संबद्ध आरोग्य व्यवसायांसाठी नवे अभ्यासक्रम जाहीर केले, त्यांत फिजिओथेरपीचाही समावेश आहे. महाविद्यालये ते कसे राबवतात, शिकवणारे आणि प्रत्यक्ष रुग्ण पुरेसे आहेत का, हे आता दिसेल. राज्याराज्यांतील परिषदा आणि राष्ट्रीय नोंदवही यांचा मेळ बसणे हे त्याहून कष्टाचे काम. केवळ कागदावरच्या आयोगाने बोगस दवाखाना बंद होत नाही.

अमेरिकेत या वेळचे शुभेच्छापत्र पुष्कळ वर्षांनी थोडे हलके आहे. २०२५ मध्ये मोबदल्यात सुमारे २.८ टक्के घट सोसल्यानंतर २०२६ साठी २.५ टक्क्यांची वाढ कायद्याने मिळाली आहे. मात्र ती एकाच वर्षापुरती. व्हिडिओवरून उपचार करण्याची करोनाकाळात मिळालेली मुभा २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारी कामकाज ठप्प झाले तेव्हा खंडित झाली; नोव्हेंबरच्या मध्यास कामकाज पूर्ववत होताना ती पुन्हा मिळाली, पण ३० जानेवारी २०२६ पर्यंतच. घराबाहेर पडू न शकणाऱ्या, बर्फात अडकलेल्या वृद्धांसाठी हा प्रश्न जानेवारीतच ऐरणीवर येईल. फेब्रुवारीत संघटनेचे मोठे अधिवेशन कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे भरते. तेथे शास्त्रीय निबंधांच्या बरोबरीने या तारखांचीही चर्चा होईल यात शंका नाही.

त्यानंतर ३ नोव्हेंबर २०२६ ला काँग्रेसच्या मध्यावधी निवडणुका आहेत आणि पाचच दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, दिवाळी. निवडून आलेले नवे प्रतिनिधी जानेवारीशिवाय पदभार घेणार नाहीत. त्यामुळे २.५ टक्क्यांचे पुढे काय करायचे, हे ठरवण्याचे काम मावळत्या काँग्रेसकडे, डिसेंबरच्या उरल्यासुरल्या दिवसांत येईल, आणि संघटनेच्या पुढच्या शुभेच्छापत्राचा उत्तरार्ध बहुधा त्याच विनंतीने भरलेला असेल.